फॉर्म १-ए वर सही करण्याआधी : ट्रक-बस चालकाची तपासणी दवाखान्यात कशी करावी

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या गावी नवा दवाखाना आहे, लायसन्सच्या कामाच्या सरकारी सारथी पोर्टलचं लॉगिन मिळालंय आणि रोज तीन-चार ड्रायव्हर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र, मागायला येतात. परवा ५१ वर्षांचा एक ट्रकचालक आला. बीपी १६८/१०२, शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू, चष्मा घरी राहिलेला. फॉर्मवर बीपीचा रकाना नाही, शुगरचाही नाही, आणि "साहेब, फक्त सही पाहिजे" एवढंच त्याचं मागणं. सही दिली तर मनाला टोचतं, नाकारली तर त्याची चूल बंद होते. मग तपासायचं काय आणि नाही म्हणायचं कुठे?

फॉर्ममध्ये काय भरायचं ते अर्ध्या तासात शिकून होतं. खरी अडचण मुदतीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतूक वाहनाचं लायसन्स एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतं, धोकादायक मालाच्या वाहनासाठी ३ वर्षांसाठी. तुमच्या सहीनंतर तो माणूस ५ वर्षं रात्रीबेरात्री घाट चढणार-उतरणार आणि मधे कुणी डॉक्टर त्याला सक्तीने बघणार नाही. अमेरिकेत चालकाला ३ महिन्यांचं किंवा १ वर्षाचं प्रमाणपत्र देता येतं. आपल्याकडे फॉर्मवर दोनच शब्द आहेत, पात्र किंवा अपात्र. मधली पायरी फॉर्ममध्ये नाही, ती तुम्हाला दवाखान्यात तयार करावी लागते. तिचं नाव "आज नाही, तीन आठवड्यांनी या".

ही पायरी कायद्यात बसते. मुदत संपण्याच्या १ वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पण बहुतेक चालक शेवटच्या आठवड्यात येतात, आणि मुदत उलटल्यावर पूर्वी मिळायची ती ३० दिवसांची सवलतही २०१९ च्या दुरुस्तीत काढली गेली. म्हणून दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : "लायसन्सची मुदत संपायच्या सहा महिने आधी तपासणीला या. चष्मा, चालू गोळ्या आणि जुने रिपोर्ट सोबत आणा." तुमची निम्मी भांडणं या पाटीनेच मिटतील.

आता तपासणी. नीट केली तर २० ते २५ मिनिटं लागतात, त्यातली दहा मिनिटं तुमच्या सहायकाची. क्रमही महत्त्वाचा आहे. चालक आला की आधी बसवा आणि फॉर्म १, म्हणजे त्याचं स्वतःचं घोषणापत्र, प्रश्न वाचून दाखवून भरून घ्या. या पाच-सात मिनिटांत त्याचा जिन्याचा दम उतरतो आणि बीपी खरं येतं.

घोषणापत्रातला पहिला वैद्यकीय प्रश्न फेफरं, अचानक शुद्ध हरपणं आणि चक्कर यांचा आहे. "फिट येते का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार. त्याऐवजी विचारा : कधी जीभ चावली गेली का, झोपेत कपडे ओले झाले का, उभ्याउभ्या डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडलात का, डोक्याच्या डॉक्टरची गोळी कधी चालू होती का. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायला सांगा. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम किंवा फेनिटॉइन दिसलं तर ती गोळी कशासाठी, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. अवजड वाहनाच्या बाबतीत ब्रिटनचा नियम गोळीशिवाय १० वर्षं झटका नसावा असा आहे. आपल्याकडे वर्षांचा आकडा तुम्हाला ठरवायचा नाही. फेफऱ्याचा रुग्ण असेल तर व्यावसायिक वाहनासाठी सही नको, भले तो आज ठणठणीत दिसो. याच वेळी सर्दीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांचंही विचारा. क्लोरफेनिरामिन असलेली खोकल्याची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल या सगळ्यांनी झापड येते. दारू, अफू, डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) यांची चौकशी दोष देण्याच्या सुरात करू नका, तंबाखूबद्दल विचारता त्याच आवाजात करा.

डोळ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. फॉर्म म्हणतो, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. सामान्य नजरेला २५ मीटरवर साधारण ३६ मिलिमीटरचं अक्षर वाचता येतं. म्हणजे ही परीक्षा जेमतेम १.८ पट सोपी आहे, तक्त्यावर ६/९ आणि ६/१२ यांच्या मधे कुठेतरी (६/९ म्हणजे सामान्य नजरेला ९ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून वाचता येणं). त्यामुळे ६/१२ वाचणारा चालक फॉर्मच्या कसोटीवर काठावर किंवा काठाबाहेर असतो. तक्त्यावर ६/९ आलं तर मी निर्धास्त असतो. ६/१२ आलं तर बाहेर रस्त्यावर टेपने २५ मीटर मोजून खरी प्लेट वाचायला लावतो. दुचाकीची प्लेट वापरू नका, तिची अक्षरं लहान असतात. प्रत्येक डोळा वेगळा तपासा आणि दुसरा डोळा बोटांनी न झाकता तळहाताने किंवा पुठ्ठ्याने झाका, कारण बोटांच्या फटीतून छान दिसतं. तक्ता रांगेत बसलेल्यांना दिसणार नाही असा लावा, नाहीतर तिसऱ्या माणसाला तो पाठ असतो. अक्षरओळख नसेल तर चारही दिशांना वळलेल्या ई चा तक्ता ठेवा.

चष्मा घरी राहिला असेल तर पिनहोलमधून बघा. नजर सुधारली तर दोष चष्म्याने जाण्यासारखा आहे एवढं कळतं, पण त्या जोरावर सही करायची नाही. तो चष्मा घेऊन परत येऊ दे. बारीक छिद्रातून ६/६ वाचणारा माणूस रात्री पुणे-सोलापूर रस्त्यावर छिद्रातून बघत नसतो. जास्तीचा एक चष्मा कॅबिनमध्ये ठेवायला जरूर सांगा. एकच डोळा कामाचा असेल तर खासगी हलक्या वाहनाला असलेली मोकळीक ट्रक-बसला लागू होत नाही.

नजर ६/६ असूनही रात्री अडचण येते, आणि तक्त्यावर ती पकडली जात नाही. "समोरच्याने अप्पर मारला की किती वेळ दिसत नाही?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. लांबलचक उत्तर आलं तर मोतीबिंदू शोधा, विशेषतः भिंगाच्या मागच्या थरातला, कारण तो तक्ता वाचू देतो आणि हेडलाइटसमोर आंधळं करतो. चकाकीनंतर नजर परत येण्याची चाचणी सोपी आहे. एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर २-३ सेंटिमीटरवर पेनटॉर्च १० सेकंद धरायचा. मग त्याने वाचलेल्या सर्वांत लहान ओळीच्या वरची ओळ पुन्हा वाचायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं. साधारण ५० सेकंदांच्या आत वाचता आली पाहिजे. जास्त लागले किंवा दोन डोळ्यांत मोठा फरक पडला तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. फॉर्मवर ही चाचणी, बाजूची दृष्टी आणि प्रतिक्रियेचा वेळ या तिन्ही गोष्टी फक्त धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांसाठी लिहिल्या आहेत. माझ्या मते हा फॉर्मचा कच्चा दुवा आहे. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकणाऱ्या ट्रकमध्ये सिमेंट असलं काय अन् पेट्रोल असलं काय. मी तिन्ही सगळ्यांची करतो.

बाजूच्या दृष्टीसाठी समोरासमोर एक मीटरवर बसा, त्याचा एक डोळा झाकून नजर तुमच्या नाकावर ठेवायला लावा आणि चारही कोपऱ्यांत एक किंवा दोन बोटं दाखवून मोजायला सांगा. काचबिंदू आणि पडद्यावर भरपूर लेसर झालेले मधुमेही इथे सापडतात. लेसरने नजर वाचते, पण कडेचं आणि अंधारातलं दिसणं कमी होतं, म्हणून "डोळ्याला लेसर केलंय का?" हे वेगळं विचारा. रातांधळेपणाचं कळतं ते घरच्या प्रश्नांवरून. लाइट गेल्यावर घरात चाचपडता का, अंधाऱ्या थिएटरात शिरल्यावर खुर्ची सापडते का, संध्याकाळनंतर गाडी दुसऱ्याकडे देता का.

रंगांसाठी इशिहाराची, म्हणजे रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेली पुस्तिका ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात धरा, प्रत्येक पानाला ३ सेकंद. पिवळ्या बल्बखाली निकाल बिघडतो. ३८ पानांच्या आवृत्तीत पहिल्या २१ पैकी १७ किंवा जास्त बरोबर आली तर रंगदृष्टी सामान्य, १३ किंवा कमी आली तर दोष आहे. पहिलं पान, १२ हा आकडा, सगळ्यांनाच दिसतो. तो "दिसत नाही" म्हणणाऱ्याला एकतर आकडे वाचता येत नाहीत किंवा नजरच कमी आहे, त्याला नागमोडी रेषांची पानं द्या. जून २०२० मध्ये नियम बदलला आणि सौम्य ते मध्यम रंगदोषाला मुभा मिळाली, अडसर तीव्र दोषालाच राहिला. घोटाळा असा की इशिहारावर दोष कळतो, त्याची तीव्रता नीट कळत नाही. तिथे फार्न्सवर्थची १५ टिकल्यांची चाचणी लागते आणि ती नेत्रतज्ज्ञाकडेच होते. इशिहारात अडकलेल्याला तुम्ही स्वतः पासही करू नका आणि नापासही.

कानाचं लवकर उरकतं. आधी मळ बघा. कित्येकांचं ऐकू येणं मळ काढल्यावर परत येतं. मग त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, दुसऱ्या कानाच्या भोकासमोरचा उंचवटा बोटाने दाबून चोळत राहा, पूर्ण श्वास सोडून "४ क ७" अशी अक्षर-आकड्यांची तिकडी कुजबुजा. दोन तिकड्या, म्हणजे सहा खुणा. तीन बरोबर आल्या तर चालेल. मागे उभं राहायचं कारण ओठ वाचता येऊ नयेत. अडकला तर ऑडिओमेट्री. श्रवणयंत्राची सवलत घोषणापत्रात हलक्या वाहनासाठीच लिहिलेली आहे.

आता तुमच्या माणसाचं बीपी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, जाड दंडाला मोठा कफ. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आपला फॉर्म आकडा देत नसल्याने मी अमेरिकी पायऱ्यांचा आधार घेतो. तिथे १४० ते १५९ किंवा ९० ते ९९ ला एका वर्षाचं प्रमाणपत्र, १६० ते १७९ किंवा १०० ते १०९ ला एकदाच ३ महिन्यांचं, आणि १८०/११० पासून पुढे गाडीच बंद. आपल्याकडे ३ महिन्यांचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे मधल्या पायरीचा माणूस थेट ५ वर्षांवर जातो. म्हणून १६०/१०० च्या वर मी सही थांबवतो, गोळी सुरू करतो किंवा वाढवतो आणि दोन-तीन आठवड्यांनी बोलावतो. १४० ते १५९ मध्ये लघवीत प्रथिनं नसतील, ईसीजी ठीक असेल आणि माणूस गोळी घेणारा असेल तर सही देतो. गोळी निवडताना त्याचं काम लक्षात घ्या. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन चालतात. क्लोनिडिनने झोप येते, प्राझोसिनने उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, आणि लघवीची गोळी लांबच्या फेरीवर चालक स्वतःच बंद करतो. दुसऱ्या भेटीत उभं करूनही बीपी मोजा.

मधुमेहात सगळे वाढलेल्या साखरेला घाबरतात, स्टिअरिंगवर मात्र घटलेली साखर मारते. एकट्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा खाली कोसळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणारा चालक जेवण टाळून सलग चालवत राहिला तर ती कोसळते, आणि तुमचा माणूस नेमका याच गटातला आहे. विचारा : घाम फुटून हातपाय थरथरले असं किती वेळा झालं, आणि ते आधी कळतं का? आधी कळतच नसेल तर सही नाही, आणि ही अट मी शिथिल करत नाही. कळत असेल तर औषध बदलण्याचा विचार करा आणि त्याला ब्रिटनचा इन्सुलिनवाल्यांसाठीचा नियम शिकवा. निघण्याआधी २ तासांच्या आत आणि नंतर दर २ तासांनी साखर मोजायची. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. ७२ च्या खाली गेली तर गाडी बाजूला, चावी काढायची, साखर खायची आणि आकडा पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटं थांबायचं. मेंदू आकड्यापेक्षा उशिरा ताळ्यावर येतो. मग बूट-मोजे काढायला लावा. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) तळव्याला आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावून बघा. पायाखाली ब्रेक किती दबलाय हे ज्याला जाणवत नाही, त्याचा पाय पॅडलच्या कडेवरून घसरतो.

फॉर्ममध्ये झोपेबद्दल अवाक्षर नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं, कारण झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचा अंदाज टेप आणि चार प्रश्नांवरून घेता येतो. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, वय ५० च्या वर, पुरुष, बीपी, स्थूलपणा, जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकलेला कुणी पाहिलेला, दिवसा थकवा. ही स्टॉप-बँग नावाची यादी. या आठांपैकी तीन-चार असतील तर शंका, पाच किंवा जास्त असतील तर झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचा धोका मोठा. मूळ यादीत स्थूलपणासाठी बीएमआय ३५ धरलाय. आपल्याकडच्या देहयष्टीला मी ३० धरतो. "गाडीवर झोप येते का?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. "गेल्या महिन्यात किती वेळा गाडी थांबवून तोंडावर पाणी मारावं लागलं? मधलं एखादं गाव कधी गेलं ते आठवत नाही, असं झालं का? क्लीनर घोरण्यावरून काही बोलतो का?" असं विचारा. त्याची परवानगी घेऊन बायकोला फोन लावा, दोन मिनिटांत सगळं कळतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. मालक झोपूच देत नसेल तर तो आजार नव्हे. घरी सुट्टीत तीन-चार रात्री सात-आठ तास झोपूनही दुपारी बसल्याबसल्या डोळा लागत असेल तर झोपेची चाचणी करून घ्या. आजार निघाला तर सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं) नीट वापरल्यावर एक-दोन आठवड्यांत दिवसाची झापड बरीच कमी होते. निदान ७० टक्के रात्री ४ तासांहून जास्त वापर हवा. मशीनच्या कार्डात ती नोंद असते, ती बघूनच सही करा. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, कॅबिनसाठी त्याला जुळणारा अडॅप्टर घ्यायला सांगा. नाहीतर मशीन घरी राहतं आणि माणूस फेरीवर.

हातपाय बघताना सांधेदुखीचं पुस्तक मिटा आणि कॅबिन डोळ्यांसमोर आणा. उकिडवं बसून हात न टेकता उठणं म्हणजे कॅबिनची पायरी. डाव्या पायाने तुमचा तळहात जोरात दाबून धरणं म्हणजे घाटातला क्लच, उजव्याने तसंच म्हणजे ब्रेक. दोन्ही हातांची पकड, खांद्याच्या वर जाणारे हात, दोन्ही बाजूंना पुरेशी वळणारी मान. एका पायावर १० सेकंद, डोळे मिटून उभं राहणं, नाकाला बोट. बोट तुटलेलं असेल तर ते नसल्याची नोंद करा, पण निर्णय पकडीवर घ्या. प्रतिक्रियेसाठी ३० सेंटिमीटरची पट्टी वरून सोडा आणि त्याला दोन बोटांत पकडायला सांगा. दोनदा सरावाची, मग पाच वेळांची सरासरी. १५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१७५ सेकंद, २० वर ०.२०, पूर्ण पट्टी निसटली तर पाव सेकंदाहून जास्त. एवढ्यावरून कुणाला नापास करू नका. पट्टी वारंवार निसटत असेल तर झोप, गोळी, नशा, साखर, नस यांपैकी कारण शोधा.

छातीत दुखून गेलेला किंवा स्टेंट टाकलेला चालक आला तर एकट्याने ठरवू नका. झटक्यानंतर निदान दोन महिने गेलेले, इकोवर पंपिंग ४० टक्के किंवा जास्त आणि ताणचाचणी ६ मेट्सच्या (श्रमाचं माप) वर, हे तीन कागद हृदयरोगतज्ज्ञाकडून आल्यावर विचार करा. ईसीजी मी चाळिशीनंतर आणि प्रत्येक मधुमेह्याचा काढतो.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून असतं, हे खरंच. गावात दिवसा टेम्पो चालवणारा आणि रात्री बस नेणारा यांच्याबाबत एकाच आकड्यावर माझा निर्णय वेगळा होऊ शकतो. पण लायसन्सवर फक्त दिवसा किंवा फक्त टेम्पो असं लिहिलेलं नसतं, तेव्हा काठावरच्या माणसासाठी अवघडातलं अवघड काम धरून ठरवा.

नाही म्हणताना "अपात्र" हा शब्द पोर्टलवर घाईने टाकू नका. सुधारण्यासारखं असेल तर काहीच चढवू नका. त्याच्या हातात कागद द्या : काय सापडलं, काय करायचं, कोणत्या तारखेला यायचं. दुसऱ्या भेटीचे पैसे घेऊ नका, म्हणजे सही मिळाली नाही म्हणून दुसरा दवाखाना गाठण्याची ओढ कमी होते. ओळख मूळ कागदावरून पटवा, फोटो त्याचाच आहे ना बघा, सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येऊ द्या. सगळे आकडे आणि त्याने सही केलेल्या फॉर्म १ ची प्रत जपून ठेवा. खोटी माहिती देऊन लायसन्स काढलं तर कलम १९ खाली ते जाऊ शकतं, आणि आजाराचा संशय आला तर कलम १६ प्रमाणे परिवहन अधिकारी केव्हाही नवी तपासणी मागू शकतो. हे चालकाला आधी सांगितलं की लपवाछपवी कमी होते.

तुमच्या ५१ वर्षांच्या माणसाला उद्याच फोन करा. चष्मा घेऊन, अर्धा तास आधी चहा-तंबाखू न घेता यावं. बीपी पुन्हा मोजा, गोळी सुरू करा, ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघून ठरवा, पाय आणि गळा तपासा, ईसीजी काढा. तीन आठवड्यांनी दुसरी भेट. लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर मालकाशी बोला, तेवढे दिवस त्याला गोदामावर किंवा माल चढवण्या-उतरवण्याच्या हिशेबावर ठेवता येतं का बघा. बहुतेक मालक डॉक्टरचा फोन आला की ऐकतात.